डीडॉस हल्ल्याचा उगम शोधायचा आहे: सोर्स आयपीवर किती भरवसा ठेवायचा?

सीमाराउटर

नमस्कार मंडळी. नेटवर्क असं आहे: दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट पुरवणारी नेटवर्कं), दोन्हीकडे १० गिगाबिटची लिंक, बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) चालू, नेटफ्लो (राउटर ठेवतो ती फ्लोची, म्हणजे दोन टोकांमधल्या पॅकेटांच्या मालिकेची, नोंद) १:१००० सॅम्पलिंगवर, म्हणजे हजारांत एक पॅकेट. एका वेबसर्व्हरच्या आयपीवर ४० मिनिटं डीडॉस हल्ला (ट्रॅफिकचा पूर आणून सेवा बंद पाडणं) झाला. त्यात एकाच वेळी दोन प्रकारचं ट्रॅफिक होतं.

पहिलं यूडीपी. सोर्स पोर्ट १२३, बहुतेक पॅकेटांची आयपी लांबी ४६८ बाइट, एकूण ४ गिगाबिटच्या आसपास. वेगवेगळे सोर्स पत्ते साधारण ३,१००.

दुसरं टीसीपी एसवायएन (जोडणी सुरू करायची विनंती), पोर्ट ४४३ वर, सेकंदाला सुमारे ८ लाख पॅकेट. सोर्स पत्ते जगभरचे, तोच पत्ता पुन्हा क्वचितच. पण टीटीएल (प्रत्येक राउटरवर एकने घटणारा पॅकेटमधला आकडा) सगळ्यांचा २४३ किंवा २४४.

बॉर्डरवर मिरर पोर्ट (ट्रॅफिकची प्रत देणारं पोर्ट) लावून दोन्ही दिशांचं ३० सेकंदांचं कॅप्चर घेतलेलं आहे. सर्व्हरवर एसवायएन कुकीज (नोंद न ठेवता एसवायएनला उत्तर देण्याची सोय) चालू होत्या.

प्रश्न तीन. त्या ३,१०० पत्त्यांना हल्लेखोर धरून तक्रार करायची का? एसवायएनचा खरा उगम सापडू शकतो का? आणि नेटवर्क सुरक्षेच्या अभ्यासक्रमात पॅकेट मार्किंगने माग काढण्याच्या पद्धती शिकवतात, त्या कुठल्या राउटरमध्ये चालू करता येतात का?

---

पॅकेटपारखी

ही दोन ट्रॅफिकं वेगळी ठेवूनच तपास करा. एकात सोर्स पत्ता खरा आहे पण तो हल्लेखोराचा नाही. दुसऱ्यात तो बहुधा पूर्ण खोटा आहे. दोन्ही एका यादीत घालून ब्लॉक केलं तर हाती काहीच लागत नाही.

यूडीपीचं आधी. सोर्स पोर्ट १२३ आणि ४६८ बाइट ही एनटीपीच्या (घड्याळ जुळवण्याच्या सेवेच्या) मॉनलिस्ट उत्तराची, म्हणजे सर्व्हरशी अलीकडे कुणी संपर्क केला त्या यादीची, खूण आहे. एका उत्तर-पॅकेटमध्ये ७२ बाइटच्या ६ नोंदी आणि ८ बाइटचं हेडर, मिळून ४४०. त्यात यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० मिळवले की ४६८. सर्व्हरकडे पूर्ण ६०० नोंदी असतील तर एका छोट्या विनंतीला अशी १०० पॅकेटं परत जातात. म्हणजे ते ३,१०० पत्ते उघड्या ठेवलेल्या एनटीपी सर्व्हरांचे आहेत. कुणीतरी तुमचा पत्ता सोर्स म्हणून घालून त्यांना विनंत्या पाठवल्या आणि उत्तरं तुमच्या अंगावर आली. तुमच्या सर्व्हरने स्वतः त्यांना काही विचारलं नव्हतं, हे कॅप्चरच्या बाहेर जाणाऱ्या बाजूवरून आधी पक्कं करा.

या पत्त्यांच्या मालकांना कळवायचं, पण भाषा नीट हवी. 'तुम्ही हल्ला केलात' असं लिहिलं की ते स्वतःच्या यंत्रात व्हायरस शोधतात, काही सापडत नाही आणि तिकीट बंद होतं. 'तुमच्या एनटीपी सर्व्हरचा परावर्तक म्हणून वापर होतोय, मॉनलिस्ट बंद करा' असं लिहा. उपाय एनटीपीडीच्या कॉन्फिगमध्ये 'डिसेबल मॉनिटर' घालणं आणि बाहेरच्यांसाठी 'रिस्ट्रिक्ट'च्या ओळीत 'नोक्वेरी' घालणं. ४.२.७पी२६ पासून मॉनलिस्ट काढूनच टाकलेली आहे, तेव्हा आवृत्ती वाढवणं सर्वांत सोपं.

त्याच पत्रात दुसरी मागणी करा: तुमचा आयपी सोर्स असलेली, त्यांच्या पोर्ट १२३ कडे जाणारी पॅकेटं त्यांच्या नेटवर्कमध्ये कुठल्या इंटरफेसवरून आत आली? हल्लेखोराच्या यंत्रातून निघालेली पॅकेटं म्हणजे या विनंत्याच. माग तिथून पुढे जातो, तुमच्याकडून नाही.

ते सापडणं का अवघड, त्याचा हिशोब करून बघा. ४ गिगाबिटला ४६८ बाइटची साधारण १० लाख पॅकेटं सेकंदाला लागतात. एका विनंतीला १०० उत्तरं धरली तर सेकंदाला फक्त १० हजार विनंत्या, म्हणजे वायरवर ७ मेगाबिटच्याही आत. त्या ३,१०० सर्व्हरांत वाटल्या की प्रत्येकाच्या वाट्याला सेकंदाला तीन. त्या नेटवर्कवर १:१००० सॅम्पलिंग असेल तर एका सर्व्हरमागे पाच-साडेपाच मिनिटांत एक नमुना पडतो, ४० मिनिटांत सात-आठ. म्हणून यादी एएस क्रमांकानुसार (प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कला मिळालेला क्रमांक) लावा आणि ज्या नेटवर्कात सर्वांत जास्त परावर्तक आहेत त्यांना आधी लिहा. पन्नास परावर्तक असलेल्या नेटवर्ककडे तीन-चारशे नमुने निघतात आणि इंटरफेस स्पष्ट दिसतो. एकच परावर्तक असलेल्या नेटवर्ककडून हा माग मागण्यात अर्थ नाही.

आता एसवायएन. पत्ते खोटे आहेत हे सिद्ध करायची चांगली परीक्षा तुमच्या कॅप्चरमध्येच पडून आहे. सर्व्हरने खोट्या पत्त्यांना एसवायएन-एसीके (एसवायएनचं उत्तर) पाठवले. त्यांतल्या ज्या पत्त्यांवर खरोखर यंत्र आहे ते 'मी तर काही मागितलं नव्हतं' म्हणून आरएसटी (जोडणी नाकारणारं पॅकेट) पाठवतं. एकाच पत्त्याचे दोन टीटीएल शेजारी ठेवा: आलेल्या एसवायएनचा आणि त्याच पत्त्याकडून आलेल्या आरएसटीचा. दोन्ही एकाच यंत्रातून निघाले असते तर येण्याची वाट सारखी असायला हवी. एसवायएन २४३ आणि आरएसटी ५१ असेल तर एसवायएन दुसऱ्या कुणी पाठवला. सुरुवातीचा टीटीएल बहुधा ६४, १२८ किंवा २५५ असतो. ५१ म्हणजे ६४ मधून १३ हॉप (वाटेतले राउटर), २४३ म्हणजे २५५ मधून १२. हॉप जवळपास सारखे दिसले म्हणून फसू नका, सुरुवातीची किंमत वेगळी असणं हीच खूण आहे. बऱ्याच पत्त्यांकडून आरएसटी येणारच नाही. मधलं फायरवॉल अनाहूत एसवायएन-एसीके गिळतं किंवा पत्त्यावर कुणी नसतं. शंभर-दोनशे जोड्या मिळाल्या तरी पुरे.

आणखी दोन तपासण्या. खरं यंत्र उत्तर मिळालं नाही तर तोच एसवायएन, तोच सोर्स पोर्ट आणि तोच सीक्वेन्स नंबर घेऊन साधारण १ सेकंदाने, मग वाढत्या अंतराने पुन्हा पाठवतं. पॅकेट तयार करणारी साधनं असं करत नाहीत. आणि सोर्समध्ये १०.०.०.०/८, २४०.०.०.०/४ किंवा बीजीपीत कुणीच न जाहीर केलेले पत्ते असतील तर वाद संपला.

टीटीएलची अरुंद पट्टी तुमच्यासाठी मोलाची आहे. जगभर पसरलेल्या बॉटनेटमधून (ताबा घेतलेल्या यंत्रांच्या जाळ्यातून) पॅकेटं आली तर टीटीएल वीस-पंचवीस किमतींत विखुरतो. इथे दोनच किमती आहेत. सेकंदाला ८ लाख एसवायएन हे ऐकायला प्रचंड वाटतं, पण सर्वांत लहान फ्रेम वायरवर ८४ बाइट धरते, म्हणजे एकूण ५४० मेगाबिटच्या आत. १ गिगाबिटचं एक कार्ड सेकंदाला १४.८८ लाख अशा फ्रेम पाठवू शकतं. तेव्हा हा भाग एकाच डेटासेंटरमधल्या एक-दोन सर्व्हरांतून आला असण्याची दाट शक्यता आहे. दोन किमती बहुधा तुमच्या दोन अपस्ट्रीमच्या दोन वाटांमुळे. लिंकनुसार मोजून बघा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: साधन टीटीएलही यादृच्छिक ठेवू शकतं, त्यामुळे पट्टी रुंद दिसली म्हणून स्रोत अनेक आहेत असं सिद्ध होत नाही.

खोट्या सोर्स पत्त्यांची आपोआप ब्लॉकलिस्ट कधीही करू नका. हल्लेखोराने त्यात तुमच्या डीएनएस रिझॉल्व्हरचा पत्ता घातला तर तुमच्याच हाताने सेवा बंद पडते.

---

फ्लोवाचक

वरच्या उत्तराला जोडून. पत्ता खोटा घालता येतो, पण पॅकेट कुठल्या तारेतून आत आलं ते खोटं घालता येत नाही. माग काढणं म्हणजे प्रत्येक राउटरवर 'आत कुठून आलं' हा एकच प्रश्न विचारत मागे जाणं.

नेटफ्लोच्या रेकॉर्डमध्ये इनपुट इंटरफेसचा क्रमांक असतो. एनएफडम्प या फ्लो वाचण्याच्या साधनात डेस्टिनेशन आयपी, प्रोटोकॉल टीसीपी, पोर्ट ४४३, फक्त एसवायएन फ्लॅग अशी गाळणी लावा आणि बेरीज इनपुट इंटरफेसवर करा, सोर्स आयपीवर नाही. इथे चार ठिकाणी घोटाळा होतो.

सोर्स एएस हा रकाना बघून निष्कर्ष काढू नका. राउटर तो सोर्स पत्त्याचा रूट शोधून भरतो. पत्ता खोटा तर एएसही खोटा, आणि रंगीत आलेखात तो अगदी खरा दिसतो. अहवालांत सर्वाधिक दिसणारी चूक हीच.

टाइमआउट बघा. सिस्कोच्या पारंपरिक मांडणीत अ‍ॅक्टिव्ह टाइमआउट (चालू फ्लोची नोंद पाठवण्याआधीची मुदत) ३० मिनिटांचा असतो. परावर्तकाकडून येणारा लांब फ्लो तोवर कलेक्टरपर्यंत पोचतच नाही आणि हल्ला चालू असताना आलेख शांत दिसतो. ६० सेकंदांवर आणा; इनअ‍ॅक्टिव्ह १५ सेकंद ठीक.

यादृच्छिक सोर्सच्या एसवायएन पुरात प्रत्येक पॅकेट म्हणजे नवा फ्लो. १:१००० वर सेकंदाला ८०० नव्या नोंदी होतात, त्या झेपतात. सॅम्पलिंग न ठेवता चालवलंत तर कॅशे भरते, नोंदी गळतात आणि नेमक्या महत्त्वाच्या वेळेचा डेटा जातो.

इंटरफेस क्रमांक राउटर रीबूट झाल्यावर बदलू शकतात. ते कायम ठेवण्याची सेटिंग चालू करा, आणि तपासाच्या दिवशीची क्रमांक-नाव यादी जतन करा.

हे पॅकेट एखाद्या इंटरनेट एक्स्चेंजच्या (अनेक नेटवर्कं एकमेकांना जोडतात त्या ठिकाणाच्या) पोर्टवरून आलं असेल तर इंटरफेस पुरत नाही, कारण त्या एकाच पोर्टपलीकडे शेकडो सदस्य असतात. तिथे सोर्स मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा पत्ता) लागतो. नेटफ्लो ५ मध्ये तो नसतो. नेटफ्लो ९ किंवा आयपीएफिक्समध्ये तो रकाना मुद्दाम घ्यावा लागतो. एसफ्लोमध्ये इथरनेट हेडर आपसूक येतं. मॅकवरून सदस्याचा राउटर कळतो आणि दाद त्याच्याकडे मागता येते.

अपस्ट्रीमच्या एनओसीला (नेटवर्क सांभाळणाऱ्या कक्षाला) लिहिताना पुढच्या माणसाला थेट गाळणी लावता येईल असं लिहा: डेस्टिनेशन आयपी, प्रोटोकॉल, पोर्ट, फ्लॅग, पॅकेटची लांबी, टीटीएल, सेकंदाला किती पॅकेट, तुमच्या कुठल्या सर्किटवर, आणि सुरुवात-शेवट यूटीसीमध्ये. सोर्स पत्त्यांची हजारो ओळींची फाइल जोडू नका. प्रश्न एकच ठेवा: 'हे तुमच्या नेटवर्कमध्ये कुठल्या ग्राहकाच्या किंवा पिअरच्या (थेट जोडलेल्या दुसऱ्या नेटवर्कच्या) इंटरफेसवरून शिरलं?' त्यांचं उत्तर आलं की पुढच्या नेटवर्कला तोच मजकूर. प्रत्येक पायरीला कुणाची तरी परवानगी आणि इच्छा लागते, म्हणून साखळी सहसा तिसऱ्या-चौथ्या नेटवर्कपाशी अडकते. हल्ला संपल्यावरही माग चालू ठेवता येतो, पण प्रत्येकाने फ्लो जपून ठेवले असतील तरच. पहिला फोन हल्ला चालू असतानाच करावा तो यासाठी.

अपस्ट्रीमकडे फ्लो नसेल तर जुना मार्ग: त्या डेस्टिनेशनसाठी परवानगी देणारा एसीएल (पॅकेट जाऊ द्यायचं की अडवायचं त्याचा नियम) लावून इनपुट इंटरफेससह लॉग घ्यायचा. पण असं प्रत्येक लॉग होणारं पॅकेट राउटरच्या सीपीयूकडे जातं. काही सेकंद चालू, लगेच बंद; आणि मर्यादा घातल्याशिवाय तर नाहीच.

मोठ्या अपस्ट्रीमकडे बॅकस्कॅटर वापरून सगळी प्रवेशद्वारं एका मिनिटात दिसू शकतात. ही पद्धत यूयूनेट या इंटरनेट कंपनीच्या अभियंत्यांनी वापरात आणली. हल्ला होणारा आयपी सगळ्या एज (कडेच्या) राउटरांवर ब्लॅकहोल करायचा. एज राउटर पॅकेट टाकून देतो आणि 'अनरीचेबल'चा आयसीएमपी संदेश खोट्या सोर्स पत्त्याकडे पाठवतो. त्याच वेळी नेटवर्कच्या आत एक सिंकहोल राउटर कुणी न वापरलेल्या पत्त्यांच्या मोठ्या गठ्ठ्याचे रूट जाहीर करून बसतो. खोटे पत्ते यादृच्छिक असतील तर त्यांतले काही त्या गठ्ठ्यात पडतात आणि ते आयसीएमपी सिंकहोलवर येतात. त्यांचा सोर्स म्हणजे ज्या एज राउटरवरून हल्ला शिरला त्याचा खरा पत्ता. अटी दोन: ब्लॅकहोलवर आयसीएमपी अनरीचेबल चालू हवं, आणि ते सिंकहोल रूट बाहेर कुणाला जाहीर होता कामा नयेत. एनटीपीच्या भागावर हे चालणार नाही. तिथले सोर्स खरे आहेत.

---

सीमाराउटर

आरएसटीची तपासणी केली. जोड्या मिळाल्या ४१२. त्या सगळ्यांत एसवायएनचा टीटीएल २४३ किंवा २४४, आरएसटीचे ३८ पासून ११९ पर्यंत पसरलेले. लिंकनुसार पाहिलं तर २४३ फक्त पहिल्या अपस्ट्रीमवर, २४४ फक्त दुसऱ्यावर. दोघांनाही वरच्या साच्यात लिहिलं आहे. मार्किंगचा प्रश्न मात्र राहिला.

---

हॉपमोजणी

मार्किंग कुठल्याही नेहमीच्या राउटरमध्ये चालू करता येणार नाही. का नाही, ते कळलं तर उरलेल्या पद्धतींची मर्यादाही कळते.

सर्वांत प्रसिद्ध मांडणी २००० सालची. सॅव्हेज, वेदरॉल, कार्लिन आणि अँडरसन यांनी सुचवलं की प्रत्येक राउटरने समजा २५ मधल्या एका पॅकेटवर आपली खूण करावी. जागा कुठली, तर आयपी हेडरमधला १६ बिटांचा आयडेंटिफिकेशन रकाना: ३ बिट तुकड्याचा क्रमांक, ५ बिट अंतर, ८ बिट खुणेचा तुकडा. त्यांच्या हिशोबाने १० हॉपची वाट जुळवायला सरासरी १,३०० च्या आसपास पॅकेटं लागतात. तुमच्या पुरात ती दोन मिलिसेकंदांत मिळाली असती.

अडचणी मात्र मुळातल्या आहेत. तो रकाना फ्रॅगमेंट झालेल्या पॅकेटांना लागतो. आयपीव्ही६ च्या मूळ हेडरमध्ये तो नाहीच. १२ हॉपच्या वाटेवर सुमारे ६१ टक्के पॅकेटांवर कुठलाच राउटर खूण करत नाही, म्हणजे त्यांत हल्लेखोराने आधीच लिहिलेलं तसंच पोचतं. अंतराचा आकडा वाटेत वाढत जातो, म्हणून त्याला स्वतःपेक्षा जवळचा राउटर खोटा दाखवता येत नाही, पण आपल्यामागे खोटी वाट जोडता येते. स्रोत शेकडो झाले की तुकड्यांच्या जुळण्या इतक्या होतात की भलत्याच वाटा तयार होतात. आणि परावर्तन आलं की सारंच थांबतं: खुणा परावर्तकापर्यंतची वाट दाखवतात, त्याच्यामागची नाही.

बेलोविन यांचा आयसीएमपी ट्रेसबॅकचा मसुदाही त्याच काळातला: २० हजारांत एका पॅकेटमागे राउटरने वेगळा संदेश पाठवायचा. २००१ च्या हॅश पद्धतीत राउटर प्रत्येक पॅकेटच्या हेडरमधले न बदलणारे भाग आणि पेलोडचे पहिले ८ बाइट यांचा हॅश (छोटा ठसा) ब्लूम फिल्टरमध्ये (हे आधी पाहिलं होतं का ते थोड्या जागेत सांगणाऱ्या रचनेत) ठेवतो. तीत एका पॅकेटचाही माग निघतो, पण नोंद थोडाच वेळ टिकते आणि वाटेतल्या सगळ्या नेटवर्कांनी यंत्रणा बसवावी लागते. खर्च वाटेतल्याने करायचा आणि फायदा दुसऱ्याला, हे गणित जुळलं नाही.

म्हणून खरं काम उगमाच्या बाजूला आहे. ग्राहकाला दिलेल्या पत्त्यांखेरीज दुसरा सोर्स असलेलं पॅकेट प्रवेशावरच टाकून द्यायचं. हे आरएफसी २८२७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये, म्हणजे बीसीपी ३८ मध्ये, मे २००० पासून लिहिलेलं आहे. अनेक अपस्ट्रीम असलेल्यांसाठी आरएफसी ३७०४ आहे. एकाच लिंकच्या ग्राहकावर स्ट्रिक्ट यूआरपीएफ (सोर्स पत्त्याकडे परत जाणारा रूट त्याच इंटरफेसवर आहे का ही तपासणी). दोन वाटांच्या ग्राहकावर तेच लावलं तर खरं ट्रॅफिक गळतं, तिथे त्याच्या प्रिफिक्सचा (त्याला दिलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्याचा) एसीएल लावा. लूज यूआरपीएफवर विसंबू नका: तो फक्त त्या पत्त्याचा कुठे तरी रूट आहे का एवढंच बघतो, दुसऱ्याचा जाहीर झालेला पत्ता चोरला तर जाऊ देतो. कायडा या संशोधन संस्थेचा स्पूफर क्लायंट चालवून आपल्याच नेटवर्कमधून खोटी पॅकेटं बाहेर पडतात का ते तपासा.

---

लॉगतपासणीस

विषयाला धरूनच विचारतो. एचटीटीपीच्या पुरात टीसीपी जोडणी पूर्ण होते, मग तिथे पत्ता खरा धरायचा ना?

---

पॅकेटपारखी

हो, हँडशेक पूर्ण झाला तर समोरचा पत्ता खरा. पण तो संसर्ग झालेल्या कॅमेऱ्याचा, घरच्या राउटरचा किंवा उघड्या प्रॉक्सीचा असतो. २०१६ च्या मिराई बॉटनेटमध्ये हेच झालं.

सर्व्हरपुढे प्रॉक्सी किंवा सीडीएन (मजकूर वाटणारं सर्व्हरांचं जाळं) असेल तर लॉगमधला पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या एचटीटीपी हेडरमधून येतो. त्या हेडरमधली डावीकडची मूल्यं क्लायंट स्वतः भरू शकतो. तुमच्या प्रॉक्सीने शेवटी जोडलेलं, उजवीकडचं मूल्यच विश्वासाचं. मधे दोन प्रॉक्सी असतील तर उजवीकडून दुसरं.

मग सोर्स पोर्ट. एका पत्त्यामागे सीजीनॅट (सेवा देणाऱ्याने पत्ता वाटून वापरायची सोय) असेल तर शेकडो ग्राहक एकच आयपी वापरतात. सेवा देणाऱ्याला नेमका ग्राहक शोधायला आयपी, पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. आरएफसी ६३०२ हेच सांगतं, तरी बहुतेक वेबसर्व्हर मूळ सेटिंगमध्ये पोर्ट लिहीत नाहीत. लॉग फॉरमॅटमध्ये तो आजच घाला, हल्ल्यानंतर तो मिळवण्याचा मार्ग नाही. घड्याळ एनटीपीला बांधलेलं आणि वेळ यूटीसीमध्ये हवी. पोर्ट फार लवकर दुसऱ्या ग्राहकाकडे जातो, त्यामुळे घड्याळ दोन मिनिटं पुढे असेल तर भलत्याच घराचं नाव निघतं आणि निर्दोष माणसाला त्रास होतो.

बॉट सापडल्यावर त्याच्यामागे जायचं तर एका बॉटने भागत नाही. एकाच नेटवर्कमधले दहा-वीस बॉट घ्यायचे, हल्ल्याच्या आधीच्या तासाभराचे त्यांचे फ्लो काढायचे आणि सगळ्यांत समान असलेला डेस्टिनेशन आयपी-पोर्ट शोधायचा. अपडेट सर्व्हर, डीएनएस, एनटीपी वजा केले की आदेश देणारा सर्व्हर उरतो. हे काम बॉटच्या सेवा देणाऱ्यालाच जमतं. तुम्ही त्याला पत्ते, पोर्ट आणि वेळ दिलीत तरच.

सीमाराउटर, ते ३० सेकंदांचं कॅप्चर जपा. मूळ फाइलचा एसएचए-२५६ (फाइल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) काढून वेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा, फाइल फक्त वाचण्यापुरती करा आणि गाळणी-विश्लेषण प्रतीवरच करा. कॅप्चर थांबवताना टीसीपीडम्प हे पॅकेट पकडण्याचं साधन 'कर्नलने गाळलेली पॅकेटं' असा आकडा दाखवतो, तोही टिपून ठेवा. तो मोठा असेल तर पुन्हा आलेले एसवायएन मोजण्याची तपासणी विश्वासाची राहत नाही. पुढच्या वेळी पूर्ण पॅकेटऐवजी पहिले १२८ बाइटच घ्या. हेडर पूर्ण येतात, डिस्कवरचा भार घटतो आणि गळती कमी होते.

---

सीमाराउटर

दुसऱ्या अपस्ट्रीमचं उत्तर आलं. एसवायएन त्यांच्या एकाच पिअरच्या इंटरफेसवरून शिरत होते, बाकी कुठूनच नाही. त्या पिअरच्या एनओसीला तोच मजकूर पाठवला आहे, टीटीएल आणि यूटीसी वेळांसह. एनटीपीची यादी एएसनुसार लावली: सर्वांत वरच्या नेटवर्कात ६४ परावर्तक आहेत. इंटरफेसचा प्रश्न आधी त्यांनाच विचारतो.